धाकटीचा ड्रमसेट

४ ऑगस्ट

ही दैनंदिनी वंगणतेलाच्या विक्रेत्याने आज वजनकाट्यावर आणून दिली. ऑगस्टात! म्हणजे जानेवारीत ज्यांना मानाने द्यायच्या त्यांना देऊन झाल्या, मग लाजेकाजेस्तव ज्यांना द्यायच्या त्यांनाही झाल्या, आणि उरलेली एक माझ्या गळ्यात. लिहायचा विचार नव्हता. पण आमच्या धाकटीने जेवताना जे जाहीर केलं ते कागदावर उतरवलं नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण, वय वर्षं चोपन्न. दवाखान्याच्या धुलाईखात्याची प्रमुख आहे. नवरा गेल्यापासून सहा वर्षं आमच्याकडे, मागच्या खोलीत असते. आज भाजी वाढून घेता घेता म्हणाली, "दादा, आम्ही चौघी बँड काढतोय. दवाखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात वाजवायचं. एक्स-रेवाली गाणार, औषधं देणारी कीबोर्डवर, तिची मैत्रीण गिटारवर, आणि मी ड्रम."

मला ठसका लागला. बायकोने पाणी पुढे केलं, पण ती हसली नाही. ते मला खटकलं.

"तू आयुष्यात कधी डबा तरी वाजवलायस का?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर तुला सांगतेय."

मी सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले आहेत. मग ताल देणाऱ्या सुटकेसएवढ्या एका यंत्राने माझी जागा घेतली. मी सेट विकला आणि तो विषय संपवला. चौदा वर्षं वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतोय. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा. या घरात ड्रम हा शब्द कुणी काढत नाही, आणि आज काढला कुणी, तर चादरी मोजणारीने.

दहा नोव्हेंबरला म्हणे परीक्षा आहे. कार्यक्रमाच्या समितीसमोर एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचं. जमलं तर धाकटी स्टेजवर, नाही जमलं तर तिच्याऐवजी यंत्र. तीन महिने आहेत. मी म्हटलं, यंत्रालाच आत्तापासून घाला हार.

६ ऑगस्ट

नवा सेट तिच्या आवाक्यात नाही हे तिला आज दुकानात कळलं. मला परवाच माहीत होतं. आता म्हणते, एकेक वस्तू सुटी घेऊ. जुनी, मोडकी, जशी मिळेल तशी, आणि घरी जोडू.

मी स्पष्ट सांगितलं की मी या खुळात पडणार नाही. फक्त चुका दाखवीन.

"तेवढंच कर," ती म्हणाली. "तुला तेच चांगलं जमतं."

बायको स्वयंपाकघरात हसली. हे बरं आहे. परवा हसायचं तेव्हा हसली नाही.

१० ऑगस्ट

चुका दाखवायला म्हणून गेलो आणि बेस ड्रम पाठीवर घेऊन आलो.

गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथल्या कवायतीच्या बँडने केव्हाच मान टाकली आहे. मुलं आता स्पीकरवरच्या गाण्यावर पावलं टाकतात. ढब्बू ड्रम जिन्याखाली पडला होता आणि त्यात कवायत मास्तरांनी जुने चेंडू भरून ठेवले होते. मास्तर म्हणाले, "एकदम भारी माल आहे साहेब, आवाज ऐका," आणि त्यांनी हाताने थाप मारली. आतल्या चेंडूंचा आवाज आला. हा गृहस्थ वीस वर्षं मुलांना ताल शिकवत होता!

खोड मात्र चांगलं आहे. लाकडी, जाड, कुठे फुगलेलं नाही. खालून पाय नाहीत, ते वेल्डरकडून लावून घ्यावे लागतील. वरची पानं, म्हणजे ड्रमवर ताणायची कातडी, हल्ली प्लॅस्टिकचीच येतात, ती दोन्ही बदलावी लागतील. धाकटीने हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. अक्षर मोत्यासारखं. ते श्रेय माझं आहे, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

१८ ऑगस्ट

भंगारवाल्याचे ट्रक माझ्याच काट्यावर तोलले जातात, त्यामुळे तो मला मान देतो. "या, या, वस्ताद," म्हणाला आणि गोदामाच्या मागे घेऊन गेला. तिथे सायकलींच्या चाकांखाली एक स्नेअर आणि दोन टॉम, म्हणजे मधले छोटे ढोल, होते. एक टॉम लाल, दुसरा हिरवा चमकीवाला. हिरव्यावर परदेशी कंपनीची पट्टी होती. नखाने उचकटली तर खाली दुसऱ्या कंपनीची, तिच्याखाली नुसता डिंक. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

स्नेअरच्या पोटाखाली तारांची जाळी लागते, तिच्यामुळेच तो चरचरतो. इथे जाळीच नव्हती. मी भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ती गाळणी होती होय? ती एका हॉटेलवाल्याने नेली."

धाकटी मात्र लहान मुलीसारखी प्रत्येक वस्तूवर टिचकी मारून कान लावत होती. लाल टॉमवर बराच वेळ. मग म्हणाली, "दादा, हा बोलतो. हिरवा नुसता ओरडतो." बरोबर होतं. पण लगेच बरोबर म्हटलं की माणूस डोक्यावर बसतो, म्हणून मी म्हटलं, "बघू."

२७ ऑगस्ट

मी कामावर असताना बाईसाहेब एकट्या जाऊन हायहॅटच्या झांजा घेऊन आल्या. एकावर एक बसणारी ही जोडी, पायाने उघडमीट करायची. वरची हलकी आणि खालची जड, तेव्हा कुठे ती नीट "चिक" म्हणते. हिने दोन्ही वरच्याच आणल्या. दोन्ही हलक्या. मिटल्या की मध्ये हवा कोंडते आणि "फुस्स" असा आवाज येतो.

"दोन्ही सारख्या दिसल्या म्हणून जोडी समजले," ती म्हणाली.

"लग्नं अशीच जमतात," मी म्हणालो.

बायको समोर होती. तिने माझ्या पानात दुसरी पोळी वाढली नाही.

शेवटी मीच खालच्या झांजेच्या कडेला दोन बारीक भोकं पाडली, म्हणजे हवा निघून जाते. आता "चिक" म्हणते. पूर्ण "चिक" नाही, पण त्याच्या घराण्यातलं काहीतरी.

७ सप्टेंबर

आज मांडणी झाली. जमिनीवर ठेवायचा मोठा टॉम एका बंद पडलेल्या क्लबातून आला, त्याचे तिन्ही पाय तीन उंचीचे. मोठी झांज तडकलेली होती. तड्याच्या टोकाला भोक पाडलं की तो पुढे सरकत नाही, तसं पाडलं. पायाने बेस ड्रम ठोकायचं पेडल आणि स्नेअरची जाळी एवढंच नवं घेतलं, त्यात काटकसर करता येत नाही. बसायला एक्स-रेच्या खोलीतलं बाद झालेलं गोल स्टूल. आवाज मारायला बेस ड्रमच्या पोटात धुलाईखात्यातले फाटके टॉवेल. वेल्डरने पाय लावले, वर दोन टॉमसाठी तिरका खांब लावला, आणि पेडलचा चाप माझ्या मापाने बसवून दिला. पाच तास लागले. धाकटीला काही कळत नाही म्हणून सगळं मीच केलं.

मागच्या खोलीत आता तिची खाट भिंतीला चिकटली आहे आणि कपाटाचं एक दार उघडत नाही. पण खरं सांगायचं तर सेट उभा राहिल्यावर मी दारातून थोडा वेळ बघत राहिलो. एकही तुकडा दुसऱ्याचा सगा नाही. तरी उभा होता.

मग ती स्टुलावर बसली. हायहॅट डावीकडे, मोठा टॉम उजवीकडे, उजव्या पायाखाली पेडल. जगात मांडणी अशीच असते. उजवा हात डाव्यावरून नेऊन हायहॅटवर टिकटिक करायची, डाव्याने स्नेअर.

पाच मिनिटं झाली आणि म्हणते, "दादा, हे मला काहीतरी उलटं वाटतंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१५ सप्टेंबर

शिकवणी सुरू होऊन आठवडा झाला. निकाल: शून्य.

तिचा उजवा हात म्हणजे पगार मागायला आलेला कारकून. चार वेळा टिकटिक करतो आणि मग विचारात पडतो. उजवा पाय त्याच्याहून आळशी. गंमत अशी की डाव्या हाताने स्नेअरवर जो ठोका देते तो खणखणीत पडतो, बरोबर जागेवर, एकदाही चुकत नाही. मी म्हटलं, "डाव्याचं एवढं कौतुक नको. ताल उजवा हात चालवतो. डाव्याने नुसती हजेरी लावायची."

तिचा डावा हात लहानपणापासून असाच पुढे पुढे. सहा वर्षांची असताना पाटीवर डाव्या हाताने लिहायची. वडिलांनी मला बोलावून सांगितलं, तू मोठा आहेस, हिचा हात सुधार. मी चौदाचा होतो. रोज संध्याकाळी तिचा डावा हात रुमालाने खुर्चीच्या पाठीला बांधायचो आणि उजव्याने गिरवून घ्यायचो. रडायची, पण मी हटलो नाही. चार महिन्यांत वळण लागलं. आज दवाखान्यातले लोक तिच्याकडून फलक लिहून घेतात. मी शिकवलं की असं होतं. फक्त शिकणाऱ्याने ऐकायला हवं.

२४ सप्टेंबर

प्रगती नाही.

४ ऑक्टोबर

एक्स-रेवाली ऐकायला आली होती. बाईचा आवाज चांगला आहे, पण तिला तसं पुष्कळांनी सांगितलेलं दिसतं. ती गायली, धाकटी वाजवायला लागली, आणि पहिल्या अंतऱ्यालाच गाडी रुळावरून खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा धाकटीने स्वतःच स्टिक्स मांडीवर ठेवल्या.

चहा झाल्यावर एक्स-रेवाली मला अंगणात गाठून हळूच म्हणाली, "तुम्ही सव्वीस वर्षं वाजवत होता ना? परीक्षेला महिना राहिलाय. यंत्र लावायचं माझ्याही जिवावर येतं. तिला नाहीच जमलं तर तुम्ही बसाल का?"

मी म्हणालो, बघू. विचार करून सांगतो. वय झालं. सवय राहिली नाही.

हे सगळं मी अतिशय शांतपणे म्हणालो असं मला वाटतं. नंतर बायकोने विचारलं, "शीळ का घालताय?"

१२ ऑक्टोबर

धाकटीची सकाळची पाळी असली की दुपारी खोली रिकामी असते. आज माझी सुट्टी होती. सहज सेट तपासायला म्हणून बसलो.

चौदा वर्षं. मला वाटलं होतं हात लाकडाचे झाले असतील. झालेच होते. दहा मिनिटं तसंच गेलं. मग लाल टॉमवर ठोक्यांची एक भरणी आली, न बोलावता, पूर्वीसारखी, आणि तिथून थेट मोठ्या झांजेवर उतरली. मी एकटाच मोठ्याने हसलो. हा भंगाराचा ढीग वाजतो. मीच जोडलाय म्हटल्यावर वाजणारच.

दीड तास बसलो. खांदे भरून आलेत. कुणाला सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

यंत्रापेक्षा माणूस केव्हाही बरा. बँडचं भलं ज्यात आहे ते करावं. यात माझा काही स्वार्थ नाही.

२० ऑक्टोबर

संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर धाकटीच्या उजव्या हाताची नक्कल करत होतो. ती म्हणाली, "तुमची बहीण इस्त्री कुठल्या हाताने करते?"

"म्हणजे?"

"सुरी कुठल्या हातात धरते? दार कुठल्या हाताने उघडते? चेंडू आला तर कुठला हात पुढे करेल? लिहिणं सोडून एक काम सांगा, जे ती उजव्याने करते."

मी आठवायला लागलो. एकही आठवेना.

"ते सगळं सामान आरशातल्यासारखं उलट मांडता येत नाही का?" तिने विचारलं. "मला त्यातलं कळत नाही, म्हणून विचारते."

येतं. अर्थात येतं. आमच्या काळात दुसऱ्या एका ऑर्केस्ट्रात एक डावखुरा होता, सगळा सेट उलट मांडायचा. आम्ही त्याला "उलटा" म्हणायचो आणि हसायचो. वाजवायचा मात्र चोख. सव्वीस वर्षं वाजवलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही आणि भाजी निवडणाऱ्या बाईच्या आलं. 

"मी तुम्हाला सांगितलं," बायको म्हणाली. "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

२१ ऑक्टोबर

सांगेन. पण घाई करून चालणार नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर सगळं फिरवलं तर जे थोडंफार येतंय तेही जायचं.

२३ ऑक्टोबर

शिवाय वेल्डरने खांब तिरका जोडलाय तो डाव्या अंगाला. फिरवणं म्हणजे पोरखेळ नाही. बेस ड्रमची दोन्ही पानं काढून अदलाबदल करावी लागतील, एका बाजूला आठ स्क्रू, दुसऱ्या बाजूला आठ. पेडलचा चाप नव्याने बसवावा लागेल. आणि एवढं करून तिला जमेलच याची खात्री कोण देणार?

आजही शिकवणी घेतली. तिला म्हणालो, "उजवा हात, उजवा हात! झोपलाय का तो?" ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. ही अशी कधी बघत नाही. चोराच्या मनात चांदणं.

२६ ऑक्टोबर

दुपारी पुन्हा बसलो. दोन तास. परीक्षेचं गाणं मी आता डोळे मिटून वाजवू शकतो. एक्स-रेवालीला अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

मी काही कुणाचं हिरावून घेत नाही. तिला हा छंद तीन महिन्यांपूर्वी सुचला. माझं ते आयुष्य होतं. माझ्याकडून काढून घेतलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं की दादा, तुझं काय. हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कुणी वाचत नाही.

संध्याकाळी शिकवणीत तिला पुन्हा म्हणालो की उजव्या हातात जीव नाही. ती म्हणाली, "हो ना?" एवढंच.

३० ऑक्टोबर

आज धाकटीने स्टिक्स माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या.

"दादा, तूच वाजव. एक्स-रेवालीला मी सांगते. उगीच चौघींचा खोळंबा नको."

"अगं, अजून अकरा दिवस आहेत."

"अकरा दिवसांत काय बदलणार आहे?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी उभी राहिली. मी स्टिक्सकडे बघत होतो. मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मागच्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही, मोठा टॉम आड येतो. फटीतून दिसत होतं. ती खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. डावा हात आधी, मग उजवा. सराईत, भराभर, एकाच तालात. घड्या संपल्या तरी नुसतीच बसून राहिली.

मला जे हवं होतं ते टेबलावर होतं. मी स्टिक्सना हात लावला नाही. जेवलोही नाही.

मी नालायक माणूस आहे.

३१ ऑक्टोबर

काट्यावर सांगून सुट्टी घेतली. धाकटी पाळीवर गेल्यावर सेट फिरवायला घेतला.

वेल्डरचा उद्धार केला. कवायत मास्तरांचा केला. सोळाच्या सोळा स्क्रू काढले, त्यातले तीन गंजलेले, एकाने अंगठा फाडला. खोड उलटं फिरवलं तेव्हा तिरका खांब आपोआप उजव्या अंगाला आला. पानं बदलली. टॉमची अदलाबदल, मोठा टॉम डावीकडे, हायहॅट उजवीकडे, पेडल डाव्या पायाशी. तीन उंचीचे पाय पुन्हा जुळवले. बायको मध्ये एकदा चहा आणि अंगठ्याला चिंधी देऊन गेली. जाताना जमिनीवरचे स्क्रू वाटीत गोळा करून ठेवले.

झाल्यावर मी बसून बघितलं. एक ठेका धरता येईना! हात एकमेकांत अडकले, डावा पाय पेडलवर मेल्यासारखा. उजवा हात स्नेअर सोडून टिकटिक करायला धावत होता. पाच मिनिटांत मी घामाघूम. तिने हे सात आठवडे रोज सोसलं, आणि वर माझी बडबड.

ती आली. दारात उभी राहिली. मी म्हणालो, "बसून बघ जरा. सामान थोडं हलवलंय."

"थोडं," ती म्हणाली.

बसली. डाव्या हाताने टिकटिक सुरू केली आणि ती थांबेचना. दुसऱ्या मिनिटाला पाय आला, तिसऱ्याला उजव्या हाताचा ठोका. कच्चं होतं, पाय मागे राहत होता, पण ताल ढळला नाही. ती वाजवताना माझ्याकडे बघत नव्हती. मी कपाटाला टेकून उभा होतो आणि मला काय होत होतं ते लिहिता येत नाही. आनंदच असावा, पण त्याला दात होते.

६ नोव्हेंबर

रोज दोन पाळ्यांत सराव. सकाळी कामावर जाण्याआधी, संध्याकाळी आल्यावर. शेजारी तक्रार घेऊन आले होते, मी त्यांना अशी काही उत्तरं दिली की ते चुकून भलत्याच घरात शिरल्यासारखे परत गेले. अंतऱ्यावर ती अजून घाई करते. मी बोटाने टेबलावर मोजून देतो. उजव्या हाताबद्दल आता कुणी बोलत नाही.

१० नोव्हेंबर

सेट टेम्पोतून दवाखान्याच्या जेवणघरात नेला आणि मी मांडला, उलटा. समितीचे तिघं समोरच्या बाकावर. एक लेखापाल, एक डॉक्टर आणि एक कुणीतरी, जो प्रत्येक समितीत असतोच. मागे धुलाईखात्याच्या सगळ्या बायका उभ्या, हातातली कामं टाकून आलेल्या. ज्या यंत्राने धाकटीची जागा घ्यायची ते कोपऱ्यात प्लगजवळ तयार ठेवलेलं. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

गाणं सुरू झालं. पहिला अंतरा गेला. दुसऱ्यात औषधं देणारी कीबोर्डवर चुकली, गिटारवाली तिच्यामागे चुकली, एक्स-रेवालीने मान वळवून बघितलं. मला वाटलं, संपलं. धाकटी चुकली नाही. खाली मान घालून टिकटिक चालू ठेवली, जणू काही झालंच नाही, आणि त्या दोघी धडपडत तिच्या तालावर परत आल्या. शेवटपर्यंत गाणं तिने ओढत नेलं. माझ्या सव्वीस वर्षांत मी हे फार थोड्यांना करताना बघितलंय. स्वतःला धरून.

समितीला कळायचं तेवढं कळलं. डॉक्टर म्हणाले, "यंत्राची गरज दिसत नाही." बायकांनी कल्ला केला. लेखापालांनी विचारलं, "हा सेट असा उलट का?" धाकटी उभी राहून म्हणाली, "मी डावखुरी आहे. माझ्या दादाने मांडून दिला. शिकवलंही त्यानेच."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. मानही लववली.

परत येताना आम्ही दोघंच होतो, पायी. अजून उजेड होता. बराच रस्ता कापल्यावर ती म्हणाली, "वहिनीने तुला कधी सांगितलं?"

"वीस तारखेला." खोटं बोलायला सवडच मिळाली नाही.

"मला तिने त्याच दिवशी दुपारी सांगितलं होतं. तुझ्या आधी."

मी थांबलो. "मग तूच का नाही फिरवलंस?"

"फिरवणार होते. पाना हातात घेतला होता. मग वाटलं, मांडणी दादाची आहे. त्याला कळलं की तोच फिरवेल. म्हणून थांबले. तू रोज समोर बसून माझ्या उजव्या हाताला नावं ठेवायचास, आणि मी रोज मनात म्हणायचे, आज सांगेल. दहा दिवस, दादा."

रस्त्यावर माणसं होती. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी म्हणालो, "मला वाजवायचं होतं." चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तू ठसकलास ना जेवताना, तेव्हाच." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तू एकदा नुसतं म्हणाला असतास ना, तर मी त्याच दिवशी जागा दिली असती. मला काय, मी टाळ्या वाजवल्या असत्या."

"आणि आता?"

तिने विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं.

"आता नाही देणार," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.